तेल्या लागलेल्या डाळिंबाच्या पानांचे आरएनए सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेताना: १२ नमुन्यांच्या नोंदी

काम असे: 'भगवा' वाणाच्या डाळिंबाच्या रोपांवर तेल्या रोगाच्या झँथोमोनास जिवाणूची लागण केल्यावर पानांतली कोणती जनुके जोरात चालतात आणि कोणती मंदावतात ते पाहायचे. लागण केलेली रोपे आणि नुसते पाणी फवारलेली रोपे, पहिला दिवस आणि चौथा दिवस, प्रत्येक गटात तीन रोपे, म्हणजे १२ नमुने. आरएनए सोलापुरात काढायचा; लायब्ररी (आरएनएपासून केलेले, यंत्राला वाचता येतील असे तुकडे) आणि सिक्वेन्सिंग (ते तुकडे वाचणे) बेंगळुरूच्या एका कंपनीकडून. अडीच महिने धरले होते, पाच लागले.

१० जून २०२४: कोटेशन

तीन कंपन्यांची कोटेशने आली. दर नमुन्याला ११,२०० रुपये, १३,८०० रुपये आणि १७,५०० रुपये. पहिले स्वस्त वाटले, म्हणून शब्द न् शब्द वाचला. त्यात '२ कोटी रीड' (रीड म्हणजे वाचलेला एकेक तुकडा) लिहिले होते, दुसऱ्यात '२ कोटी रीडच्या जोड्या'. दोन्ही टोकांनी वाचायचे असेल तर २ कोटी रीड म्हणजे १ कोटीच जोड्या. म्हणजे स्वस्त कोटेशन अर्ध्या मालाचे होते. तिसऱ्यात नुसते '६ जीबी' होते. हे गिगाबेस (वाचलेली अब्ज अक्षरे, म्हणजे बेस) की फाइलचे गिगाबाइट, हे फोन करून विचारावे लागले. १५० बेसच्या २ कोटी जोड्या म्हणजे ६ गिगाबेस, हा हिशेब हाताशी ठेवावा.

आणखी जे विचारून घेतले ते: १८ टक्के जीएसटी धरला आहे का (तिघांनीही धरला नव्हता). नमुना तपासणीत नापास झाला तर तपासणीचे पैसे वेगळे लागतात का. रीड कमी पडले तर पुन्हा चालवण्याचा खर्च कोणाचा. लायब्ररी स्ट्रँडेड (रीडची दिशा कळेल अशी) आहे का. इंडेक्स (नमुन्याची ओळखखूण) दोन्ही टोकांना वेगवेगळे, युनिक ड्युअल आहेत का. नोव्हासेक या सिक्वेन्सिंग यंत्रावर एका नमुन्याचे रीड दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका त्याने कमी होतो. उत्तरे ईमेलवर मागून घेतली. पुढे तोच ईमेल दोनदा कामी आला.

परदेशी कंपनीचा दर कमी होता, तरी तिकडे गेलो नाही. जैवविविधता कायद्याची परवानगी आणि रोगट वनस्पतीचे क्वारंटाइन या कागदपत्रांतच हंगाम गेला असता. १३,८०० चे कोटेशन घेतले.

१७ ते २१ जून: पहिली लागण वाया

सहा महिन्यांची गुटी कलमे, पॉलिथिन पिशवीतली. जिवाणूचे द्रावण मिलीलीटरला सुमारे १० कोटी पेशी, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले. मग लागण केलेल्या रोपांवर पारदर्शक पिशव्या चढवल्या, कारण पान ओले राहिल्याशिवाय जिवाणू आत शिरत नाही. पाणी फवारलेल्या रोपांवर मात्र पिशवी घातली नाही.

चूक २१ तारखेला, चौथ्या दिवसाचे नमुने घेताना लक्षात आली. ४८ तास कोंदट दमटपणात राहिलेल्या पानात आणि मोकळ्या हवेतल्या पानात शेकडो जनुकांचा फरक नुसत्या दमटपणाने पडतो. तो फरक आपण तेल्याच्या नावावर लिहिला असता. सगळे नमुने टाकून दिले. नवी रोपे, १४ दिवस गेले.

१ ते ५ जुलै: दुसरी लागण आणि नमुने

या वेळी सगळ्या रोपांना सारखी पिशवी, सारखा वेळ. २ आणि ५ जुलैला, दोन्ही दिवशी सकाळी ९ ते ९.३० या वेळातच पाने तोडली. वेळ सांभाळावीच लागते, कारण पानातली कितीतरी जनुके घड्याळाप्रमाणे वर-खाली होतात. लागण केलेली रोपे सकाळी आणि पाण्याची दुपारी घेतली तर सकाळ-दुपारचाच फरक मोजला जातो. म्हणून एक रोप लागणीचे, एक पाण्याचे, असे आळीपाळीने घेतले.

द्रवनत्र (द्रवरूप नायट्रोजन) कुठून आणायचे हा प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणी नेहमी येतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी ते नियमित भरले जाते, तिथूनच पुरवठादार मिळाला. १० लिटरचे दोन कॅन घेतले. एक पुरेल असे वाटते, पण तोंड उघडे ठेवून काम करताना निम्मे उडून जाते.

शेंड्याकडून तिसरी-चौथी जोडी घेतली, मधली शीर काढली नाही (काढत बसले की वेळ जातो आणि कापल्याचा ताण पानाला बसतो). तोडल्यापासून नत्रात पडेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत. प्रत्येक पान अ‍ॅल्युमिनिअम फॉइलच्या पुडीत. नत्रात बुडाल्यावर मार्करची शाई फॉइलवरून सुटते आणि चिकटपट्टी उलते. म्हणून पेन्सिलीने लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी पुडीच्या आत घातली. पाने ट्यूबमध्ये घालून बुडवणार असाल तर झाकणाला सुईने भोक पाडा. आत नत्र अडकले तर बाहेर काढल्यावर झाकण गोळीसारखे उडते.

प्रत्येक गटात चौथे रोप राखीव ठेवले होते, त्याचीही पाने घेतली.

१० ते १९ जुलै: ट्रायझॉलने हात टेकले

डाळिंबाच्या पानात टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल भरपूर. हे ठाऊक असूनही आधी ट्रायझॉल (आरएनए काढायचे तयार रसायन) वापरून पाहिले, कारण बाटली फ्रिजमध्ये होती. तिथेच दहा दिवस गेले.

जे दिसले ते असे. गोठलेल्या पानांची पूड ट्रायझॉलमध्ये पडताच द्रावण हिरवे न राहता पाचेक मिनिटांत चहासारखे झाले. क्लोरोफॉर्मनंतर वरचा थर स्वच्छ पाण्यासारखा हवा, तो पिवळसर आणि तारेच्या पाकासारखा चिकट आला. आयसोप्रोपॅनॉलने बसलेला गोळा पांढरा नव्हता, तपकिरी होता, आणि पाण्यात पूर्ण विरघळेना. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजणारे यंत्र) शुद्धतेचे २६०/२८० गुणोत्तर १.५ च्या आसपास, २६०/२३० तर ०.४. पॉलिफिनॉल हवेने क्विनोन होऊन आरएनएला कायमचे चिकटतात. एकदा चिकटले की धुऊन निघत नाहीत. चढ्या मिठाने बसवून पाहिले, कॉलमवर धुऊन पाहिले. गुणोत्तर ०.७ च्या वर गेले नाही.

२२ जुलै ते २ ऑगस्ट: सीटीएबी

पाइनच्या झाडांसाठी १९९३ साली आलेली सीटीएबी आणि लिथियम क्लोराइडची पद्धत घेतली. बफर: सीटीएबी (एक डिटर्जंट) २ टक्के, पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारे) २ टक्के, ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८, ईडीटीए २५ मिलिमोलर, मीठ २ मोलर. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल २ टक्के, म्हणजे मिलीलीटरला २० मायक्रोलिटर, ते वापरायच्या क्षणीच आणि फ्यूम हूडमध्येच. कालच घालून ठेवलेले आज निम्मेही काम करत नाही.

१. पूड १०० मिलिग्रॅम, बफर १ मिलीलीटर, आधीच ६५ अंशाला तापवलेले. पूड बफरमध्ये मिसळण्याआधी वितळून सैल झाली, म्हणजे नत्रातून काढून मिनिटभर तशीच राहिली, तर पुढचे सगळे फुकट. नळीत पूड गोठलेली असतानाच गरम बफर ओतायचे आणि लगेच जोरात हलवायचे.

२. ६५ अंशाला १० मिनिटे, दर दोन मिनिटांनी उलटसुलट.

३. क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ : १, सारख्याच मापाने, सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) वर १० मिनिटे. हे खोलीच्या तापमानाला करावे, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये सीटीएबी खाली बसतो. हीच पायरी दुसऱ्यांदा. आम्ही तिसऱ्यांदाही केली, कारण दोन थरांच्या मधली पांढरी साय दुसऱ्या वेळीही जाड होती.

४. वरच्या थराच्या एक तृतीयांश मापाने ८ मोलर लिथियम क्लोराइड (शेवटी २ मोलर होते), रात्रभर ४ अंशाला. दुसऱ्या दिवशी ४ अंशालाच ३० मिनिटे फिरवणे.

५. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुणे. लिथियम मागे राहिले तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए करणारे एन्झाइम) अडतो.

गोळा काचेसारखा पारदर्शक आला. इतका की ट्यूब कोणत्या बाजूला फिरली ते लक्षात ठेवले नाही तर तो टिपकागदावर जातो. एकदा तसा गेला आणि तो नमुना राखीव पुडीतून पुन्हा काढला. यानंतर डीएनएज (उरलेला डीएनए तोडणारे एन्झाइम) आणि शुद्धीकरणाचा कॉलम.

५ ऑगस्ट: मोजमाप

डीएनएजच्या आधी नॅनोड्रॉपवर एका नमुन्याचे ४१० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, क्युबिटवर (आरएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारे यंत्र) त्याचेच १५०. नॅनोड्रॉप २६० वर शोषणारे सगळेच मोजतो: डीएनए, उरलेले पॉलिफिनॉल, सगळे. कंपनीला आकडा नेहमी क्युबिटचाच द्यावा. डीएनएज आणि कॉलमनंतर क्युबिट ८५ ते १४०, २६०/२८० २.० ते २.१, २६०/२३० १.८ च्या वर. मागणी होती किमान १ मायक्रोग्रॅम, मायक्रोलिटरला ५० नॅनोग्रॅम. ती भागली.

टेपस्टेशन यंत्रावर आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० मधला आकडा) ६.४ ते ७.६. प्राण्यांच्या आरएनएची सवय असलेल्याला हे कमी वाटते. हिरव्या पानात हरितलवकाचे स्वतःचे १६एस आणि २३एस आरआरएनए (रायबोसोमचे आरएनए) असते, शिवाय ते २३एस मुळातच तुकड्यांत असते. आरआयएनच्या गणिताला आलेखातली ती शिखरे मोडतोड वाटतात. आकडा कमी दिसला तरी आलेख पाहावा: पेशीच्या मुख्य आरआरएनएची, म्हणजे २५एस आणि १८एस ची शिखरे उंच, अरुंद आहेत का, आणि डावीकडे पायथ्याशी फुगवटा आला आहे का. आमच्याकडे फुगवटा नव्हता.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले: एक पाठवायला, एक उणे ८० अंशाला. या एका कृतीने पुढे प्रकल्प वाचला.

१३ ते १६ ऑगस्ट: पार्सल वितळले

मंगळवारी १३ ला ५ किलो ड्राय आइस, ५ सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा डबा, सोलापूरहून पुण्याला रस्त्याने आणि पुढे विमानाने. बुधवारी पोहोचायला हवे होते. डब्यावर ड्राय आइसचे लेबल (यूएन १८४५, वर्ग ९) आणि निव्वळ वजन लिहिलेले नव्हते, म्हणून विमानाच्या मालात अडवून ठेवले. गुरुवारी १५ ऑगस्टची सुट्टी. शुक्रवारी दुपारी डबा उघडला तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता, ट्यूब कोमट.

अशा डब्यातून दिवसाला २ ते ३ किलो ड्राय आइस उडते. ५ किलो म्हणजे जेमतेम दोन दिवस. एका दिवसाच्या वाटेला तीन दिवसांचे, म्हणजे ९-१० किलो भरायला हवे होते. झाकण चिकटपट्टीने हवाबंद करायचे नाही, वायू बाहेर पडला पाहिजे. आणि सुट्टीच्या आठवड्यात पाठवायचेच नाही.

कंपनीने पुन्हा मोजले: आरआयएन २.९ ते ४.५. सगळे १२ गेले. खर्च ७,४०० रुपये.

२० ऑगस्ट: दुसरे पार्सल, बर्फाशिवाय

उणे ८० मधल्या दुसऱ्या भागातून आरएनए नव्या ट्यूबमध्ये काढला. आरएनएच्या एक दशांश मापाने ३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, अडीचपट शुद्ध इथेनॉल, हलवून तसाच ठेवला. फिरवून गोळा करायचा नाही. इथेनॉलखाली बसलेल्या आरएनएला एन्झाइम हात लावू शकत नाही, काही दिवस साध्या तापमानालाही तो टिकतो. ट्यूबवर पॅराफिल्म, जेल पॅक, कुरिअरला इथेनॉल असल्याचे लेखी सांगून रस्त्याने. सोलापूर ते बेंगळुरू एका रात्रीत पोहोचले. खर्च १,१५० रुपये. कंपनीने फिरवून, धुऊन पाण्यात घेतले: आरआयएन ६.३ ते ७.५, म्हणजे जवळपास जसे पाठवले तसेच. त्यात आरएनए साधारण १० टक्के कमी झाला, तेवढे धरून ठेवावे.

घाईत या नव्या ट्यूबवर फक्त टोपीवर आकडे लिहिले गेले. त्याचा परिणाम ९ ऑक्टोबरच्या नोंदीत.

२८ ऑगस्ट: कंपनीचा तपासणी अहवाल

चार नमुने 'नापास', कारण आरआयएन ७ च्या खाली. हरितलवकाचा मुद्दा आलेखासह कळवला. उत्तर आले की ७ च्या वरच्या आठ नमुन्यांची लायब्ररी पॉली-ए (शेवटी ए-ए-ए ची शेपटी असलेला आरएनए तेवढाच) निवडून करतो, आणि खालच्या चारांची आरआरएनए काढून टाकण्याच्या किटने.

हे ताबडतोब थांबवले. दोन पद्धतींत दिसणारी जनुकेच वेगळी असतात. त्या चारांतले तीन लागणीचे होते, म्हणजे पद्धतीचा फरक आणि रोगाचा फरक एकमेकांत मिसळून गेला असता आणि कोणत्याही संख्याशास्त्राने तो नंतर सुटला नसता. शिवाय विचारल्यावर कळले की ते किट माणूस-उंदराच्या आरआरएनएसाठीचे होते. पानातल्या हरितलवकाचे आरआरएनए त्याने निघत नाही, निम्म्याहून जास्त रीड त्यातच गेले असते.

ठरले ते: सगळे १२ पॉली-ए निवडीने, एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, आम्ही दिलेल्या मिसळलेल्या क्रमाने. 'जोखीम ग्राहकाची' असे पत्र सही करून दिले. क्रम मिसळायचा कारण प्लेटच्या एका ओळीत काही बिघडले तर ते एकाच गटावर पडू नये.

७ सप्टेंबर

गणपती. इकडचे आणि तिकडचे मिळून सात दिवस गेले, ते आधीच धरायला हवे होते.

३० सप्टेंबर: डेटा आला

लिंक १५ दिवसांची. एकूण ४४ गिगाबाइट. उतरवल्यावर एमडी५ (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळवला, दोन फाइली अर्धवट आल्या होत्या. त्या नुसत्या उघडल्या तर ठीक दिसतात, शेवटी तुटलेल्या असतात. पुन्हा उतरवल्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर प्रत केली.

३ ऑक्टोबर: रीडची तपासणी

एका नमुन्यात ९० लाखच जोड्या. जूनच्या ईमेलमध्ये 'किमान २ कोटी जोड्या' लिहून घेतले होते, त्यामुळे कंपनीने ती लायब्ररी पुन्हा चालवली, पैसे लागले नाहीत. १२ दिवसांनी उरलेले रीड आले. दोन्ही फाइली एकाच लायब्ररीच्या असल्याने जोडता येतात. लायब्ररी नव्याने केली असती तर जोडण्याआधी विचार करावा लागला असता.

रीडची प्रत तपासणाऱ्या फास्टक्यूसी प्रोग्राममध्ये पहिल्या दहा-बारा बेसवर लाल फुली येते. ती लायब्ररी करताना वापरलेल्या रँडम प्रायमरमुळे, आरएनएच्या डेटात ती येतेच, त्यासाठी रीड कापू नका. शेवटाकडे जी-जी-जी च्या लांब शेपट्या मात्र कापायच्या: नोव्हासेकच्या दोन रंगांच्या रसायनात प्रकाश आला नाही तर यंत्र जी वाचते. फास्टपी या प्रोग्रामने त्या निघाल्या.

९ ऑक्टोबर: ६ आणि ९

संदर्भ म्हणून 'ट्युनिशिया' वाणाचा जीनोम घेतला, सुमारे ३२ कोटी बेसचा, आठ गुणसूत्रांचा. स्टारने (रीड जीनोमवर बसवणारा प्रोग्राम) जीनोमची सूची करताना एसए-इंडेक्सचा आकडा १३ ठेवला; मूळचा १४ माणसाच्या जीनोमच्या मापाचा आहे. जुळणी ९० ते ९३ टक्के.

पीसीएच्या आलेखात (यात सारखे नमुने जवळजवळ पडतात) चौथ्या दिवसाचा एक पाण्याचा नमुना लागणीच्या घोळक्यात, आणि एक लागणीचा पाण्याच्या घोळक्यात. क्रमांक ६ आणि ९. टोपीवरचे इंग्रजी आकडे. टोपी गोल, खाली रेघ नाही. अर्धी फिरवली की ६ चा ९ होतो.

पण नुसत्या आलेखावरून नावे बदलणे म्हणजे हवे ते उत्तर काढून घेणे. स्वतंत्र पुरावा हवा. नेहमी एसएनपीवरून (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) नमुना ओळखतात, इथे ते शक्य नाही: गुटी कलमे एकाच झाडाची, सगळ्यांचा डीएनए एकच. म्हणून जिवाणू शोधला. पॉली-ए निवडीत जिवाणूचा आरएनए बहुतेक गळतो, तरी थोडा मागे राहतोच. डाळिंबाचा जीनोम, हरितलवक आणि मायटोकाँड्रिया यांवर न बसलेले रीडच झँथोमोनासच्या जीनोमवर बसवले. हा क्रम पाळला नाही तर हरितलवकाचे १६एस जिवाणूच्या १६एस वर बसते आणि प्रत्येक पान रोगट दिसते. ६ मध्ये ०.६ टक्के रीड जिवाणूचे, ९ मध्ये ०.०१. यादीप्रमाणे ६ पाण्याचा होता.

दुसरी खातरजमा: उणे ८० मधल्या मूळ ट्यूबवर बाजूला पूर्ण नाव होते. त्यांत उरलेल्या आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करून जिवाणूच्या जनुकाचा पीसीआर केला. मूळ ट्यूब बरोबर निघाल्या. अदलाबदल पाठवलेल्या ट्यूबमध्येच झाली होती. नावे बदलली आणि बदल का केला ते मेटाडेटात (नमुन्यांच्या माहितीत) लिहिले.

२१ ऑक्टोबर: मोजणी

कंपनीच्या अहवालात एफपीकेएमचा (जनुकाची लांबी आणि एकूण रीड यांनी भागलेले आकडे) तक्ता होता. गटांतला फरक काढणाऱ्या डीसेक२ ला कच्चे आकडे लागतात, एफपीकेएम गोलाकार करून घातले तर उत्तर चुकते. स्वतः मोजले. पहिल्यांदा जनुकांवरचे रीड मोजणाऱ्या फीचरकाउंट्समध्ये दिशेचा पर्याय एस १ दिला, फक्त ४ टक्के रीड जनुकांवर पडले. आमच्यासारख्या डीयूटीपी पद्धतीच्या (स्ट्रँडेड) लायब्ररीत दिशा उलटी असते. आरसेकक्यूसी या प्रोग्रामने तपासले, ९७ टक्के उलटे. एस २ दिल्यावर ८४ टक्के.

११ नोव्हेंबर: हिशेब आणि जमा

कंपनी १,६५,६०० अधिक जीएसटी २९,८०८. रसायने आणि किट ४१,०००. टेपस्टेशन दोन फेऱ्या १०,८००. दोन पार्सले ८,५५०. एकूण २,५५,७५८, म्हणजे नमुन्याला सुमारे २१,३०० रुपये. कोटेशनवर १३,८०० होते.

कच्चा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरकडे जमा केला. फॉर्ममध्ये पान तोडल्याची वेळ, रोपाचे वय, पिशवीचे तास आणि लायब्ररीची दिशा भरली. उरलेली पूड उणे ८० च्या फ्रीझरमध्ये दुसऱ्या कप्प्यात आहे, पुड्यांवर पूर्ण नाव, आणि टोपीवरच्या प्रत्येक ६ व ९ खाली आता रेघ आहे.